नदीचं चौथं कडवं

वर्बिना, रविवार, ६ ऑक्टोबर १९८५

राडिम,

तुझ्या पलटणीचा पत्ता आईने मला दिलेला नाही. तिने तुला लिहिलेल्या पाकिटावरून मी तो उतरवून घेतला, तेव्हा तिच्यावर चिडू नकोस. एव्हाना केस कापले असतील. सहा वर्षं मी कानीकपाळी ओरडून जे झालं नाही ते लष्कराने एका सकाळी केलं, असं मी जेवताना म्हणालो. ती हसली नाही.

सोबत लोकरी मोज्यांचे तीन जोड आहेत. आज पुलावरून आलो तेव्हा पाणी लाल होतं. टोप्यांच्या कारखान्यात सध्या लालच माल चालू आहे म्हणे. बाकी गावात नवीन काही नाही. अग्निशामक दलाच्या मातुलाकाकांना अजून वाईट वाटतं. परवा बिअरचा मग पुढ्यात घेऊन म्हणत होते, "मास्तर, पोरांना आमच्या दलाचं नाव दिलं, पंपाशेजारची खोली दिली, आणि आमच्याच नाचाच्या दिवशी हा तमाशा? माझ्या बायकोने नवीन झगा शिवला होता हो!" त्यांना मी काय सांगणार?

तुम्हाला बँड काढायचा तर कुठल्या तरी संस्थेचं छत्र लागणार होतं. ते मी मिळवून दिलं, हे विसरू नकोस. 'वोदोमेर' हे नाव ऐकून काका खूशच झाले. पाण्याचं मीटर म्हणजे दलाच्याच कामाचं काहीतरी, असं त्यांना वाटलं. आणि नियम तुला पाठ होता. गाण्यांचे शब्द पाच प्रतींत, गाणी तपासणाऱ्या जिल्ह्याच्या मंडळाकडे द्यायचे, आणि एकदा शिक्का बसला की त्या कागदाबाहेरचा एक शब्दही स्टेजवर गायचा नाही. तरी मे महिन्यात, भर नाचात, तू नदीच्या गाण्याचं चौथं कडवं भलतंच गायलास. मंडळाच्या मिक्सोवाबाई पहिल्या रांगेत बसल्या होत्या, शिक्क्याचा कागद मांडीवर आणि ओळीवर बोट. ते बोट थांबलं तेव्हा मी त्यांच्याच शेजारी होतो. मग बँडवर बंदी आली, तुझं शेवटच्या वर्षातलं तंत्रनिकेतन सुटलं, आणि आता तू रणगाडे धुतोयस.

निघताना दारात तू एकच विचारलंस, "मी दिलेलं चौथं कडवं आणि शिक्क्याच्या कागदावरचं, ही दोन वेगळी कशी?" मी बघून सांगतो म्हणालो होतो. बघितलं. पाच प्रती होत्या, कार्बन जुना होता, घाई होती. टाइप करताना कुणाची तरी चूक झाली असणार.

पाय कोरडे ठेव.

तुझा बाबा

वर्बिना, १९ जानेवारी १९८६

राडिम,

तुझं कार्ड पोचलं. तीन महिन्यांनी एक वाक्य: 'बाबा, शाळेतल्या टाइपरायटरला तुमच्याशिवाय कुणी हात लावतं का?'

नाही लावत. मीच टाइप केलं. पण कागद तूच आणून दिले होतेस ना? "तुमचं यंत्र आहे, शिवाय तुम्ही मंडळावर आहात, तुम्हाला काय अवघड!" असं म्हणून वर माझ्या ताटातलं डुकराचं मटणही पळवलं होतंस. मंडळावर मी काय मोठा तीर मारतो ते तुला ठाऊक आहे. पाच जणांत एकाला तरी सूर कळावा म्हणून अकॉर्डियन शिकवणारा मास्तर बसवलेला. मी मान हलवतो, चहा पितो, घरी येतो.

बँडच्या परवानगीसाठी मंडळापुढे झालेल्या तुमच्या परीक्षेचा दिवस आठवतो का? तुमचे ते भोंगे, फुटक्या रेडिओंच्या सुट्या भागांतून बनवलेले, सभागृहाच्या काचा खडखडवणारे. मिक्सोवाबाईंनी लुबोशला विचारलं, "समाजवादी कलाकाराचं पहिलं कर्तव्य कोणतं?"

लुबोश बास गिटार छातीशी धरून म्हणाला, "वेळेवर येणं."

"आणि दुसरं?"

"शुद्धीत येणं."

सगळं मंडळ हसलं, बाईसुद्धा. मला वाटलं, सुटलो एकदाचे. तीन गाणी वाजवायची होती. कुठली तीन, ती यादी मी केली होती, आणि नदीचं गाणं मी तीत घेतलं नव्हतं. तुला वाटलं असेल, बाबांना ते आवडत नाही. तसं नव्हतं. पंपाच्या खोलीबाहेर सायकल धरून मी तुमची तालीम कितीदा ऐकली आहे. कुणी विचारलं तर सायकलची चेन सुटली असं सांगायचो. आम्हाला लहानपणापासून शिकवलं, बोलायचंच तर हळू बोल. तुम्ही जे म्हणत होता ते घराघरांत सगळे म्हणतच होते, पण दारं लावून. तुम्ही तेच विजेला जोडून म्हणायला लागलात, याचीच मला धास्ती वाटायची.

टाइप करताना माझ्याकडून शब्द इकडचे तिकडे झाले असतील. यापेक्षा जास्त आता आठवत नाही.

कार्ड पाठव. एक वाक्य असलं तरी चालेल.

तुझा बाबा

वर्बिना, ११ सप्टेंबर १९८८

राडिम,

हे पाकीट तुझ्याआधी जे कुणी उघडतील त्यांनाही माझा नमस्कार. वाचून झाल्यावर कृपया नीट चिकटवा. आईच्या मागच्या पत्राचं पाकीट तुम्ही आतल्या कागदालाच चिकटवलं होतं.

तू लष्करातून आलास, वर्षभर इस्पितळाच्या बॉयलरमध्ये कोळसा टाकलास, घरी माझ्याशी 'मीठ द्या' यापलीकडे बोलला नाहीस. आणि मग युगोस्लाव्हियात समुद्रावर पोहायला म्हणून गेलास. आईने पोहायची चड्डी इस्त्री करून दिली होती. आता ऑस्ट्रियातल्या लिंत्सहून तुझं कार्ड आलं, तिच्या नावावर. कार्डावर पूल आहे. ते तिने स्वयंपाकघरात लावलंय आणि त्याखालून मी रोज कॉफी घेऊन जातो.

तू आता त्यांच्या हाताबाहेर आहेस, माझ्याही. तेव्हा झाकपाक कशाला करू? चूक नव्हती ती. चौथं कडवं मी बदललं. तू लिहिलेल्या पहिल्या दोन ओळी ठेवल्या, नदी सोमवारी लाल, मंगळवारी निळी. पुढच्या दोन काढल्या आणि माझ्या घातल्या:

पण वसंत येईल, धुऊन नेईल,
धीर धर, नदी, धीर धर.

शाळेच्या स्नेहसंमेलनात शोभतील अशा ओळी आहेत, मला माहीत आहे. रविवारचं जेवण आणि कॉफी यांच्यामधल्या वेळात लिहिल्या. तुझा कागद चुलीत घातला.

कशासाठी, ते ऐक. त्या हिवाळ्यात शेजारच्या जिल्ह्यात एका गायकाला एका ओळीसाठी चौकशीला नेलं होतं आणि ती बातमी मंडळात कुजबुजत फिरत होती. तुझं कडवं तसंच गेलं असतं तर गाणं तर गेलंच असतं, वर तूही. मी ठरवलं, कडवं धुऊन काढू, शिक्का बसू दे, मग तुला समजावून सांगू की बाबा रे, एवढ्या दोन ओळी तू माझ्या गा. शिक्क्यापासून नाचापर्यंत अकरा दिवस होते. रोज जेवायला बसताना ठरवायचो, आज सांगायचं. तू सूप पिता पिता बोटांनी टेबलावर ताल धरलेला असायचास, इतका खुशीत, की मी नुसता तुझ्यापुढे पाव सरकवायचो. अकराव्या दिवशी सकाळी तू गिटार घेऊन निघालास तेव्हा मी दाढी करत होतो. मनात म्हटलं, दुपारी सांगू. दुपारी तुम्ही भोंगे जोडत होता. करायला गेलो एक आणि झालं भलतंच, राडिम. तुला वाचवायला जो कागद केला, त्याच कागदाने तुला पकडून दिलं.

अजून एक गोष्ट तुला कळायला हवी. लुबोशने नवा बँड काढलाय. नाव वेगळं, जिल्हा वेगळा, आणि छत्र कुठल्याशा शेती सहकारी संस्थेचं. सगळेच बंदी आलेले असंच करतात म्हणा. तुझं नदीचं गाणं तो गातो. पण माझ्या ओळींनी गातो. मी रस्त्यात त्याला धरलं. म्हटलं, "तुला खरे शब्द माहीत आहेत ना रे?"

"आहेत की, काका. पण शिक्का या शब्दांवर आहे. गाणं अर्धं जगलं तरी जगलंच ना?"

यावर तुला उत्तर सुचलं तर कळव.

तुझा बाबा

वर्बिना, ३ डिसेंबर १९८९

राडिम,

तिकडच्या टीव्हीवर प्राग दाखवत असतील, आमचं वर्बिना कोण दाखवणार? म्हणून मी सांगतो. सोमवारी दुपारी बाराला देशभर संप होता. शाळा बंद करून आम्ही सगळे चौकात. टोप्यांच्या कारखान्यातून बायका आल्या, हात कोपरापर्यंत रंगलेले. मातुलाकाकांनी दलाची गाडी आणली, ती कशाला ते त्यांनाही सांगता येईना. लोकांनी, सरकारला 'आता निघा' म्हणून, प्रागसारखेच खिशातून किल्ल्यांचे जुडगे काढून वाजवायला सुरुवात केली. थंडी अशी की किल्ली बोटाला चिकटत होती.

गाडीच्या टपावर लुबोश चढला. गिटार, एक भोंगा, दुसरं काही नाही. आणि त्याने नदीचं गाणं धरलं. राडिम, सगळ्यांना पाठ होतं. मला वाटलं होतं चार पोरांना येत असेल. म्हाताऱ्या बायकांना येत होतं! औषधांच्या दुकानातली ती चिडकी बाई गात होती. आणि चौथ्या कडव्याला सगळा चौक एका आवाजात: पण वसंत येईल, धुऊन नेईल. 'धीर धर' आलं की किल्ल्या थांबवायच्या आणि नुसतं गायचं, हे कुणी ठरवलं होतं देव जाणे. लोक रडत होते.

मिक्सोवाबाईंनी चार वर्षांपूर्वी त्याच ओळीशेजारी हिरव्या पेन्सिलीने लिहिलं होतं, 'आशावादी. चांगले.' ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे.

मीही गायलो. तुला खोटं कशाला सांगू? माझ्या दोन्ही बाजूंनी लोक गात होते, तोंड मिटून उभं राहणं शक्य नव्हतं. आणि खरं सांगायचं तर छाती भरून आली होती. माझ्या लिहिण्याने आजवर दोन माणसंही उभी राहिली नव्हती. तेवढ्यात आई माझ्या कानाशी म्हणाली, "बेसूर गातोयस. आणि तेही स्वतःचीच ओळ." म्हणजे तिला पहिल्यापासून माहीत होतं.

सीमा उघडणार म्हणतात. लिंत्स इथून गाडीने पाच-सहा तास. मी काही मागत नाही.

तुझा बाबा

वर्बिना, १४ ऑक्टोबर १९९०

राडिम,

दर महिन्याला तुझा फोन येतो. मी दाराशी उभा असतो. बोलून झालं की आई रिसीव्हर माझ्याकडे धरते आणि त्यातून टूं टूं येतं. दहा महिने झाले. तरी मी पुढच्या वेळी पुन्हा उभा राहतोच.

गावात आता कुणालाही बँड काढता येतो. छत्र नको, परीक्षा नको, पाच प्रती नकोत. माझ्या शाळेतच तीन निघाले, तिन्हींची नावं इंग्रजी. परवा त्यांतल्या एकाला ऐकायला गेलो. आवाज तुमच्या दसपट, आणि गातात काय ते कळत नाही. शेजारच्या मुलीला विचारलं, "काय म्हणतोय गं तो?" ती म्हणाली, "काय माहीत, पण भारी आहे!" एक वाईट विचार मनात आला, तो तुला सांगून टाकतो. तुमचा शब्दन् शब्द आम्ही ऐकायचो. बोट ठेवून ऐकायचो.

आता मुद्द्याचं. पुलाच्या कठड्यावर एक लोखंडी फलक बसतोय. 'आमच्या नदीचे गीत, राडिम स्कोपालीक', आणि खाली चौथं कडवं. नगराध्यक्ष आता माझ्याकडे ट्रम्पेट शिकलेला इव्हो आहे. मंगळवारी त्याने बोलावलं. तीच खोली, जिथे आमचं मंडळ बसायचं. भिंतीवर तसबीर होती तिथे फिकट चौकोन उरलाय, टेबल तेच. लुबोशही होता. इव्होने कागद सरकवला. "मास्तर, शब्द तेवढे तपासून सही करा. तुमच्यासारखं बारीक कोण बघणार?"

मी सांगितलं. सगळं सांगितलं, यंत्र, कार्बन, चूल. लुबोश खिडकीबाहेर बघत राहिला. इव्हो आधी हसला, मग उठून दार लावून आला.

"मास्तर, त्या ओळीवर माझा घसा बसला होता. चार दिवस सूपावर होतो. आता मी जाऊन सांगू लोकांना, की तुम्ही चौकात जे रडत रडत गायलात ते मंडळाला खूश करायला लिहिलं होतं?"

"पण ते राडिमचं नाही."

"आता ते राडिमचंही नाही आणि तुमचंही नाही. लोकांचं झालं."

"काका, राहू द्या ना," लुबोश म्हणाला. "राडिम इथे असता तर त्याला विचारलं असतं."

मी सही केली. शाळेत टाइप केलेल्या त्या प्रतींखाली पहिली, ही तिसरी. मधल्या एकीबद्दल तुला कधी बोललो नाही.

त्या मेच्या संध्याकाळी मिक्सोवाबाईंचं बोट थांबलं, तेव्हा त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या होत्या, "कॉम्रेड स्कोपालीक, मुलाने तुम्हाला हेच शब्द टाइप करायला दिले होते का, जे माझ्यासमोर आहेत?" तू स्टेजवर अजून गात होतास. 'नाही, मी बदलले' एवढंच म्हणायचं होतं. मग तुझा गुन्हा राहिलाच नसता, तू आपलं गाणं जसं होतं तसं गात होतास. मी म्हणालो, "हो, हेच." दुसऱ्या दिवशी ते लिहून घेतलं आणि मी खाली सही केली. मुद्दाम शब्द बदलून गायला, असं तुझ्यावर आलं ते त्या सहीवरून. भीती वाटली, राडिम. नोकरीची, घराची, कशाची ते धड मला आजही सांगता येत नाही. तुझ्यासाठी घाबरलो होतो असं मी मागे लिहिलं, ते खरं आहे. पण त्या क्षणी मी माझ्यासाठी घाबरलो.

आणि त्या दोन ओळीच का काढल्या, तेही अर्धंच सांगितलं. मंडळाने त्या सोडल्याही असत्या कदाचित. कारखान्याचं नाव नव्हतं, कुणा पुढाऱ्याचं नव्हतं. पाच वर्षांत मी त्या एकदाही उच्चारल्या नाहीत, पण विसरलो नाही. खाली लिहितो. कागद जळाला, तेव्हा ताडून बघायला आता तूच आहेस.

आमच्या गावची नदी
सोमवारी लाल, मंगळवारी निळी.
पुलावर उभा माझा बाप,
विचारलं तर म्हणतो, नितळ आहे.

टाइपरायटरसमोर बसून हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा कान गरम झाले होते. तू लहान असताना मला पुलावर खरंच विचारलं होतंस, आणि मी खरंच तसं म्हणालो होतो. तू ते लक्षात ठेवलं असशील असं वाटलं नव्हतं.

काल फलक बसवत होते. ब्रनोहून रेडिओची एक मुलगी आली होती. कवीचे वडील म्हणून मला पुलावर मधोमध उभं केलं आणि ध्वनिग्राहक तोंडापुढे धरला. कारखान्याला आता जर्मन शिकाऱ्यांच्या टोप्यांचं काम मिळालंय. "तर आजोबा," ती म्हणाली, "हीच ती नदी! आता तर छान नितळ झाली असेल ना?"

मी कठड्यावरून वाकून पाहिलं. म्हणालो, "नाही. हिरवी आहे."

तिने यंत्र बंद केलं. "आजोबा, कार्यक्रम आनंदाचा आहे हो. पुन्हा एकदा घेऊ या?"

मी म्हणालो, पुन्हा विचारलंस तरी हिरवीच आहे. ती हसली, माझा हात थोपटला आणि इव्होकडे गेली. त्याने तिला हवं ते छान सांगितलं. माझं वाक्य कापतील. पुढच्या रविवारी रेडिओवर लागेल तेव्हा ते त्यात नसणार, म्हणून तुला लिहून ठेवतो. मला पुलावर विचारलं, आणि मी हिरवी म्हणालो.

बाबा